भिंतीचं पोट

गुरुवारी दुपारी बसम्मा सरफराजच्या फोटो स्टुडिओत आली तेव्हा तिच्या एका हातात कडक भाकरीची चवड होती आणि दुसऱ्या हातात झेरॉक्सचे चार कागद. भाकरी तिनं नेहमीसारखी काउंटरवर ठेवली. कागद मात्र हातातून सुटेनात. सोलापुरातल्या विजापूर वेशीजवळच्या त्या चिमुकल्या दुकानात तिनं आधी स्टूल ओढून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि मग ते कागद सरफराजपुढं धरले.

"तम्मा, ह्ये बघ. मला वाचता येत न्हाई, पण फोटो तर दिसतोय की. कुण्या मुडद्यानं काढलाय ह्यो? गरवार बाईवानी माझ्या भित्तीला पोट दाखवलंय."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. या भावानं, सरफराज नदाफनं, कागद डोळ्यांजवळ नेला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. फोटो त्याचाच होता.

ते कागद म्हणजे महापालिकेच्या कचेरीची नोटीस होती. साखर पेठेच्या मागच्या बोळातली इमारत राहण्यास धोकादायक आहे, बोळाकडची भिंत मधोमध बाहेर फुगली आहे, सोबत छायाचित्र जोडलं आहे, सबब पाचही भाडेकरूंनी खोल्या रिकाम्या कराव्यात, असं तिच्यात होतं. दिवाळीआधी भिंतीवर नुसता कागद चिकटवला होता, फोटो जोडलेली ही प्रत तिच्या हाती आता पडली होती. शेवटची पाहणी सोमवारी सकाळी अकराला. त्यानंतर वीज आणि पाणी तोडणार, आणि मग जे पाडायचं ते पाडणार. बसम्मा त्या पाचांपैकी पहिल्या खोलीत सव्वीस वर्षं राहत होती. नवरा तिथंच गेला, मुलीचं लग्न तिथूनच झालं, आणि जिच्यावर ती भाकरी भाजून पोट भरत होती ती चूल त्याच भिंतीला टेकून होती.

"तू सोमवारी ये," ती म्हणाली. "सरळ भित्तीचा सरळ फोटो काढ आन् त्या पाहणीच्या साहेबीणबाईला दाव. तू एवढा नामी माणूस. तुझं ऐकतील की."

"येतो, अव्वा," सरफराज म्हणाला.

एवढंच म्हणाला. खरं सांगायला आणखी एक वाक्य पुरलं असतं. बसम्मा उठून गेली, भाकरी काउंटरवर राहिली, आणि हा गृहस्थ बराच वेळ त्या चवडीकडं बघत बसला. एरवी पहिली भाकरी तो तिच्या देखतच मोडायचा.

आता सरफराज काही लबाड माणूस नव्हे. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यानं कुणाचं वाकडं केलं असेल तर ते फोटोतच, आणि तेही लोकांनी हौसेनं करवून घेतलेलं. आजोबा गाद्यांचा कापूस पिंजायचे. वडील लालसाब यांनी पिंजण टांगून ठेवली आणि कॅमेरा गळ्यात घातला. लालसाबांचा एक कायदा होता. गिऱ्हाइकाच्या हातात फोटो जाताना त्याच्या चार कोपऱ्यांत काळं दिसता कामा नये. कोपरा काळा म्हणजे फोटोग्राफर अडाणी. छापून आलेल्या प्रत्येक फोटोची कड ते स्वतः कटरनं कापायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ते गेले, कटर गेला, डार्करूममध्ये आता गॅसची टाकी ठेवतात. पण तो कायदा सरफराजच्या हाडात उतरला होता.

मोबाइल आले आणि स्टुडिओ ओस पडले. विजापूर वेशीपासून दूरवर कितीतरी जणांनी कॅमेरे विकून रिक्षा घेतल्या. सरफराजनं नाही घेतली, कारण त्याला एक खोड होती. त्याला फिश-आय लेन्स हवी होती. माशाच्या डोळ्यासारखी गोल, फुगीर काच, समोरचं, वरचं, खालचं, आजूबाजूचं सगळं एका फोटोत ओढून घेणारी. तसली खरी लेन्स जुन्या मोटारसायकलच्या भावात मिळायची. ती घ्यायचा विचार त्यानं कधी केला नाही, म्हणजे रोज केला.

मग स्वस्तातले उद्योग सुरू झाले. दाराला बाहेर कोण आलंय ते बघायला जे इवलंसं भिंग बसवतात, ते त्यानं आपल्याच घराच्या दाराचं काढलं, प्लास्टिकच्या झाकणाला भोक पाडून एमसीलनं चिकटवलं आणि कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवलं. फोटो आला. सगळा काळाकुट्ट आणि मधोमध रुपयाएवढं गोल. पण त्या गोलात अख्खी खोली, पंखा, पलंग, नाजनीन आणि तिच्या हातातलं उलथनं. नाजनीन म्हणजे त्याची बायको. तिनं फोटो बघितला, दाराचं भोक बघितलं, आणि भोकात कापसाचा बोळा कोंबला. तो बोळा सहा महिने तिथं होता.

त्यानंतर मोबाइलला चिमट्यानं लावायचं भिंग झालं. ते चार दिवसांत सैल पडलं. शेवटी दिल्लीहून एक कन्व्हर्टर मागवला. नेहमीच्या लेन्सच्या तोंडावर आटे फिरवून बसवायची ती एक जाड, जडशीळ काच असते, गरिबाची फिश-आय म्हणा. किंमत एका लग्नाच्या ॲडव्हान्सइतकीसुद्धा नव्हती, आणि गुणही तसेच. फोटोच्या कडा तूप लावल्यासारख्या पुसट यायच्या, दिव्यांना जांभळी किनार यायची, कोपरे हमखास काळे. पण सरफराज चिकट. महिनाभर तो दुकानात, गच्चीवर, जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांखाली उताणा पडून तिच्याशी झटला. लेन्सचं भोक बारीक केलं की कडा सुधारतात, हे त्याला कळलं. झूम थोडं पुढं केलं की काळं कमी होतं, हेही कळलं. जे उरेल ते कॉम्प्युटरवर कापून टाकायचं.

सोलापुरात ही काच चालायचं कारण साधं होतं. इथली घरं दहा बाय दहाची आणि गोतावळा चाळीसाचा. हळदीला फोटोग्राफर मागं सरकून सरकून मोरीत जायचा तरी निम्मी माणसं बाहेरच. सरफराज मात्र नवरीच्या पुढ्यात मांडी घालून बसायचा आणि चाळीसच्या चाळीस माणसं, वरचा पंखा, खालची परात, सगळं उचलायचा. काठावरच्या मावश्या जरा रुंद यायच्या. एका मावशीनं दोन महिने अबोला धरला होता. पण लोक "गोल काढणार का?" असं विचारत दुकानात यायला लागले, आणि स्टुडिओ तगला.

ही काच घेऊनच तो मे महिन्यात त्या बोळात गेला होता. बोलावलं होतं शिवराज बिराजदारनं. इमारत त्याची. पूर्वी ती यंत्रमागांची शेड होती. माग बंद पडल्यावर शिवराजच्या वडिलांनी आत भिंती घालून पाच खोल्या केल्या आणि भाड्यानं दिल्या. वडील गेले, आणि शिवराजला त्या जागेवर चार मजले दिसायला लागले.

"बोळाकडच्या भित्तीचा फोटो पाहिजे, अख्खी आली पाहिजे, कागदाला जोडायचाय," तो एवढंच म्हणाला होता. बोळ असा की समोरून सायकल आली तर आपण मागं फिरायचं. सरफराजनं समोरच्या भिंतीला पाठ लावली तरी साध्या लेन्समध्ये चार हात गिलावा दिसेना. मग कन्व्हर्टर चढवला. भिंत पायापासून पत्र्यापर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत आत आली, आणि तिची कड फोटोच्या डाव्या काठाला लागली. सरफराजला काय आनंद! दुकानात येऊन त्यानं वडिलांचा कायदा पाळला. काळे कोपरे कापले. कोपऱ्यांबरोबर उजवीकडचा विजेचा खांबही गेला. तोही केळ्यासारखा वाकला होता आणि फोटोत वाईट दिसत होता. उरला तो स्वच्छ, उभा, कुणालाही साधा वाटेल असा भिंतीचा फोटो. भिंतीचं पोट त्याला दिसलं होतं. जुनी भिंत, असायचंच, असं वाटलं आणि तो पुढच्या कामाला लागला. रोज सरळ माणसं वाकडी करणाऱ्या माणसाला ते पोट आपल्या काचेनं दिलंय हे सुचू नये, याला काय म्हणावं? पण त्याचं सगळं ध्यान कोपऱ्यांत होतं. मूळ फोटो त्यानं त्याच दिवशी पुसला, कारण दुसऱ्या दिवशी लग्न होतं आणि कार्ड एकच. शिवराज खूश झाला. त्यानं आणखी एकदोन मालकांना सरफराजचा नंबर दिला, आणि तसली कामं पावसाळ्याआधी झालीही.

हे सगळं गुरुवारी दुपारी, भाकरीच्या चवडीसमोर बसून, त्याच्या डोक्यात एकामागून एक येत होतं.

शुक्रवारी सकाळी शिवराजचा फोन आला.

"काय बे सरफराज, सोमवारी अकराला बोळात ये. मागचे साहेब बदलून गेले, आता मॅडम आल्यात. नवीन हाय, सगळं स्वतः बघते म्हणं. फोटो माझाच, मे महिन्यात काढला, एवढं बोलायचं आन् जायचं."

"मालक, ती भित्त सरळ हाय की."

"आता सरळ हाय! दिवाळीत म्हातारीनं भेगा भरल्या, चुना मारला. मी काय बोलणार म्हाईत हाय? पोट छाटलं आन् वर चुना फासला. नोटीस लागल्यावर! फोटोत पोट, आज सरळ, मग मधी काय झालं? हातच्या काकणाला आरसा कशाला."

"पण माझी काचच तशी हाय मालक, ती वाकडं दाखवती."

मग शिवराज सावकाश म्हणाला, "कागदाखाली तुझ्या स्टुडिओचा शिक्का हाय. फोटो खोटा म्हणालास तर खोटा फोटो कचेरीत कुणी दिला? तू. पहिलं नाव तुझं येतं. बघ बाबा, तू शाना माणूस."

फोन ठेवून सरफराजनं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. भीती पोलिसांची होती, धंद्याची होती, आणि त्याहून जास्त बसम्माच्या तोंडाची होती. आता भिंत सरळ असणंच तिच्यावर उलटणार होतं. नवा फोटो काढून उपयोग नव्हता, ओळंबा लावून उपयोग नव्हता. जुना फोटो खोटा आहे हे जगात एकच माणूस सांगू शकत होता, आणि तो माणूस "येतो, अव्वा" म्हणून गप्प बसला होता.

शनिवारी जेवताना त्यानं नाजनीनला सांगितलं. तिनं घास खाली ठेवला.

"अव्वा तुमकू अपना समजके आई, और तुम चुप बैठे?"

"बोल्या तो धंदा जाता."

"नै बोले तो उनका घर जाता," नाजनीन म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

नुसतं तोंडानं सांगून कोण ऐकणार, हे मात्र त्याला कळत होतं. मॅडमना दाखवायला हवं होतं. आणि दाखवायचं कसं, ते त्याला शेजारच्या बांधकामावर सुचलं. गवंडी ओळंबा लावून बसला होता. दोरी आणि खाली पितळी गोळा. टांगलेली दोरी वाकडी होऊच शकत नाही, मालकासाठी नाही, भाडेकरूसाठी नाही आणि कचेरीसाठीही नाही. त्या दोरीचा त्याच काचेतून फोटो काढायचा. दोरी वाकडी आली की काचेची लबाडी उघडी पडली. सरफराजनं गवंड्याकडून ओळंबा मागून घेतला. रविवारी मोडनिंबला लग्न होतं, दिवस तिकडंच गेला. घरी एकदा करून बघावं, असं त्याला वाटलंच नाही. इतकं सोपं काय करून बघायचं?

सोमवारी अकराच्या आधीच बोळ भरला. पाच खोल्यांतली माणसं दारात, शिवराज पांढऱ्या शर्टात, आणि बसम्मा धुवट इरकली लुगड्यात, लग्नाला निघाल्यासारखी. कचेरीच्या नव्या अभियंता सृष्टी वाघमोडे वेळेवर आल्या. तिशीच्या आतल्या, पायांत बूट, हातात फाइल, बोलणं मोजकं. त्यांनी स्वतःच्या पिशवीतून ओळंबा काढला, वर खिळ्याला टांगला आणि तीन ठिकाणी माप घेतलं.

"भिंत तर सरळ आहे," त्या म्हणाल्या.

बसम्माच्या दारात हालचाल झाली. कुणीतरी "देव पावला" म्हणालं. शिवराज यासाठीच थांबला होता. तो पुढं झाला, आणि फोनवर बोललेलं सगळं त्यानं अगदी नम्रपणे, हात बांधून सांगितलं. मॅडमनी फाइलमधला फोटो बघितला, भिंत बघितली, मग किल्लीनं चुना खरवडला. खाली सिमेंटचा ताजा थर लागला. दुसरीकडं खरवडलं, तिथंही.

"आजी, हे कधी भरलं?"

"दिवाळीला, बाई. दरसालाला भरते की. भेगा भरायच्या, चुना द्यायचा. लक्ष्मी काय कळकट घरात येती व्हय?"

"म्हणजे नोटीस लागल्यावर?"

"व्हय व्हय! पण नोटिशीला हात न्हाई लावला बघा," बसम्मा अभिमानानं म्हणाली. तिनं बोट दाखवलं. खरंच, कागदाच्या चारी बाजूंनी चुना नेटका फिरवला होता आणि मधला चौकोन जुन्या रंगाचा राहिला होता. सरकारी कागदाचा एवढा मान सोलापुरात दुसऱ्या कुणी ठेवला नसेल. आणि त्या मानानंच ती आता पुरती अडकली होती. मॅडमचा चेहरा बदलला. त्यांनी फाइल उघडून पेन काढलं.

"मे महिन्यातला फोटो काढणारे आले आहेत का?"

"मी," सरफराज म्हणाला.

बसम्मानं वळून बघितलं. तिला आधी वाटलं, आपला तम्मा गोंधळलाय. मग तिला कळलं. शिवी देईल, असं सरफराजला वाटलं होतं. दिली असती तर बरं झालं असतं.

"मॅडम, त्यो फोटो धरू नका," तो घाईनं म्हणाला. "काच वाकडी हाय. ही बघा. सरळ वस्तू वाकडी दाखवती. तुमच्याच ओळंब्याचा फोटो काढून दाखवतो."

"ठीक आहे, काढा," मॅडम म्हणाल्या. "वाकडी आली तर मान्य."

त्यानं समोरच्या भिंतीला पाठ लावली, कन्व्हर्टर फिरवून बसवला, दोरी नीट मध्ये घेतली आणि बटण दाबलं. मग कॅमेरा मॅडमपुढं धरला. मॅडम, शिवराज आणि तो स्वतः, तिघांनी माना घातल्या.

दोरी सरळ होती. पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ.

सरफराजला आधी कळेचना. त्यानं दुसरा काढला. दोरी सरळ. तिसरा काढला, जरा खाली बसून. सरळच. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. शिवराज हसला, अगदी मोकळं हसला.

"घ्या मॅडम. यानंच दाखवलं की. दोरी सरळ म्हंजी काच सरळ. आन् काच सरळ म्हंजी भित्त वाकडी व्हती."

मॅडमनी पेनचं टोपण काढलं. बसम्मा उंबऱ्यावर बसली. तिनं सरफराजकडं बघायचं सोडून दिलं होतं आणि पायाशी पडलेल्या चुन्याच्या खपल्या गोळा करत होती. त्याला वाटलं, आपण गप्प बसलो असतो तर एवढं झालं नसतं. आपण तिला वाचवायला आलो आणि आपल्याच हातानं तिच्या घरावर शेवटचा धोंडा टाकला.

"लिहू ना?" मॅडमनी विचारलं.

"एक मिनिट," तो म्हणाला. मिनिटात काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. तो नुसता कॅमेऱ्यातले जुने फोटो मागं मागं सारू लागला. कालचं मोडनिंबचं लग्न होतं. गोल फोटो. मधोमध नवरा-नवरी ताठ, सरळ. पुढचा फोटो, पुन्हा मधे नवरा-नवरी सरळ. काठाला उभे असलेले मामा धनुष्यासारखे. दरवाज्याची चौकट धनुष्यासारखी. मंडपाचे खांब, कडेचे सगळे, पोट काढून उभे.

मधला कधी वाकत नाही! इतक्या लग्नांत तो हेच तर करत आला होता. नवरा-नवरीला मधे बसवायचं, कारण मधे सगळं सरळ येतं. आणि आज सवयीनं त्यानं दोरीलाही नवरीसारखी मधे बसवली होती.

"मॅडम, तुमी काढा," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "माझ्या हातानं नको. दोरी मधे न्हाई, डाव्या काठाला घ्या. मे महिन्यात भित्तीची कड जितं व्हती तितं."

सृष्टी वाघमोडेंनी त्याच्याकडं, मग शिवराजकडं बघितलं. त्यांनी कॅमेरा घेतला, भिंतीला पाठ टेकली आणि दोरी काठाला येईपर्यंत वळल्या. बटण दाबलं. पडद्याकडं बघून त्यांनी फाइलमधला फोटो शेजारी धरला.

पितळी गोळा खाली शांत लटकत होता. समोर दोरी सरळ होती. पडद्यावर त्याच दोरीला मधोमध पोट आलं होतं, फाइलमधल्या भिंतीला होतं तेवढंच आणि त्याच बाजूला.

"आता मोठं करून बघा," सरफराज म्हणाला आणि त्यानं बटण दाखवलं. फोटो मोठा झाला, काळे कोपरे पडद्याबाहेर गेले. उरली ती साध्या फोटोतली वाकडी दोरी. "मी ह्येच केलं, मॅडम. कोपरे कापले. कोपरे तसेच ठेवले असते तर गोल काचेचा फोटो हाय, ह्ये कुणालाबी कळलं असतं."

"का कापले?"

"चांगलं दिसावं म्हणून."

शिवराज काहीतरी बोलायला गेला. मॅडमनी हात वर केला. त्यांनी स्वतः आणखी दोन फोटो काढले, एक डाव्या काठाचा, एक उजव्या, आणि मग उभ्या उभ्याच फाइलवर लिहायला सुरुवात केली. छायाचित्र ग्राह्य धरता येत नाही. भिंत ओळंब्यात आहे. नोटीस रद्द करण्यासाठी आजच अहवाल पाठवत आहे. त्यांनी प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं.

पाच दारांतून एकदम गलका झाला. बसम्मा उठली, सरळ सरफराजपाशी आली आणि तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. सणसणीत, अख्ख्या बोळाला ऐकू जाईल असा. "मुडद्या, तूच व्हय रे! चार दीस माझ्या डोळ्याला डोळा न्हाई," ती म्हणाली आणि त्याच हातानं त्याची पाठ चोळत रडायला लागली. सरफराजही रडला. त्याची त्याला लाज वाटली नाही. चार दिवसांत पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास घेता आला.

मॅडमचं पेन मात्र अजून उघडंच होतं.

"ही काच तुमच्याकडं कधीपासून आहे?"

"गेल्या गड्ड्याच्या जत्रेपासून."

"हिच्यातून आणखी कुठल्या इमारतींचे फोटो काढले? कचेरीच्या कागदांसाठी?"

गलका थांबला नव्हता, पण सरफराजला तो ऐकू येईना. शिवराज त्याच्याकडं बघत होता, आणि त्यानं अगदी बारीक मान हलवली. नाही म्हण. नाही म्हणणं सोपं होतं. मूळ फोटो कुठंच नव्हते. विचारायला कुणी येणार नव्हतं.

"दोन," सरफराज म्हणाला. "एक तेलाच्या गिरणीसमोरची, ती उभी हाय. दुसरी तिच्या मागची, आप्पा कोरे ऱ्हायचे ती."

मॅडमनी मान वर केली. "ती जुलैत पाडली."

"व्हय."

"तिथले लोक कुठं आहेत?"

"आप्पा लेकीकडं गेले म्हणं. बाकीच्यांचं मला म्हाईत न्हाई."

"त्या फोटोचेही कोपरे कापले होते?"

"व्हय, मॅडम."

बसम्माचा हात त्याच्या पाठीवर होता. तो चोळायचा थांबला होता, पण तिनं काढून घेतला नाही.

"ती पाडलेली भिंत खरंच फुगली होती का?" सृष्टी वाघमोडेंनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदा जरा हलका झाला होता. "तुम्ही समोर उभे होता. तुम्ही बघितलं असेल ना?"

सरफराजनं ती भिंत आठवून बघितली. उजेड आठवला, पाठीला टोचणारा खिळा आठवला, लेन्सचं भोक किती ठेवलं होतं ते आठवलं, काळे कोपरे तर नीटच आठवले. भिंत काही आठवेना.

"मी भित्त बघितलीच न्हाई, मॅडम," तो म्हणाला. "मी फोटोच बघत व्हतो."

मॅडमनी ते वाक्य तसंच्या तसं लिहून घेतलं आणि सहीसाठी कागद त्याच्यापुढं केला.